दातांवरची घाण जपायची

सातवीत शाळा सोडलेल्या, सांगलीकडून आलेल्या माझ्यासारख्या बाईला डॉक्टरबाईंनी इंदूरच्या प्रयोगशाळेत काम दिलं, हे उपकार मी विसरणार नाही. पण काम कसलं, डोक्याला ताप! जन्मभर घाण काढून पोट भरलं आणि इथे घाण वाढवायची. दवाखान्यांतून उपटलेले दात आणायचे, किडीचे जंतू सोडलेल्या साखरेच्या पाण्यात घालून गरम कपाटात ठेवायचे. पाच दिवसांत दातांवर चिकट थर धरतो. मग अर्ध्या दातांवर मशीनमधून जंतू मारणारा थंड प्लाझ्मा मारायचा. बारीक जांभळी ज्योत, पण बोट धरलं तरी चटका नाही. उरलेले अर्धे तसेच ठेवायचे, म्हणजे जंतू प्लाझ्मानेच मेले हे कळतं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कुणी नीट सांगेल तर शपथ!

शनिवारी कपाट पुसायला उघडलं, तर आंबूस वास आणि दातांवर बुळबुळीत थर. मला धडकीच भरली. सोमवारी बाई बघतील नि म्हणतील, हिला साधी सफाई जमेना, जा परत गावी. मी ब्रश घेतला, एकेक दात घासला, उकळला आणि साखरेच्या ताज्या पाण्यात ठेवून दिला.

सोमवारी मशीन चालवणाऱ्या भियाने, इथे भैयाला भिया म्हणतात, दातांकडे नीट न बघताच प्लाझ्मा मारला. बुधवारी तपासलं, तर प्लाझ्मावाले दात साफ. बाई खूश. मग बाकीचे तपासले. तेही साफ!

"मॅडम, अपनी मशीन तो पड़ोसियों को भी मार रही है," मशीनवाला भिया हसला.

बाई भडकल्या. "तूच दात मिक्स केले असशील!"

"माँ कसम, मॅडम, मैंने कुछ नहीं किया."

मी फडकं ठेवून पुढे झाले. "बाई, मी घासले. उकळलेपण."

बाई स्टुलावर बसल्याच. "अरे ताई! इतके चकाचक तर मी स्वतःचे नाही घासत. सगळी मेहनत बेकार!"

"मग उद्यापासून येऊ नको?"

"नाही येणार, तर नवे दात काय मी मागत फिरू? जा, आजच आणा. आणि कपाटाला हात लावायच्या आधी मला विचारायचं!"

दुपारी राजेंद्र नगरच्या दवाखान्यात गेले. दाढ काढलेले एक काका ती रुमालात बांधून निघालेच होते.

"मेरी है, घर ले जाऊँगा."

"घरी नेऊन काय करणार तिचं?" मी वैतागून मराठीतच ओरडले. मग भान आलं. हात जोडले. "काकाजी, दे दो ना. माझी नोकरी आहे हो त्यावर."