साडूची न सारवलेली भिंत

आमच्या साडूइतकी स्वतःच्या भिंतीची राखण करणारा माणूस मुकुटबनाच्या पंचक्रोशीत दुसरा झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मी दोनच बुकं शिकलो, पण माणसं पुष्कळ पाहिली. त्या सालांत हिवतापाची फवारणी करणारे गावोगाव येत. ते दिसले की लोक कुलूप लावून वावरात जात. साडू मात्र सामान अंगणात काढून त्यांची वाट पाहत बसे. भिंतीवर औषधाचे पांढरे डाग पडले की पुढचे कितीक महिने तिथे खुंटीला टोपी टांगायची नाही, पाहुण्याने पाठ टेकायची नाही. "सरकून बसा भाऊ, औषध पुसून राह्यलं," असं तो मला जेवता जेवता म्हणे. पोळ्याला सारा गाव पांढऱ्या मातीने घरं सारवी. औषध मातीखाली झाकलं जाईल म्हणून याचं घर तेवढं न सारवलेलं, सुतकातल्यासारखं दिसे.

मी म्हणायचो, "ताप येते नवी काकडी खाल्ल्यानं. मच्छरानं येत असता तर ढोरं कवाच मेली असती."

"ढोराले शेपूट आहे," तो म्हणे. "तुमाले कुठी आहे?"

एका पोळ्यानंतर त्याच्या लेकीला पाहायला पाहुणे यायचे होते. मेहुणी रडकुंडीला आली. "भाऊजी, अशा भिंती पाहून कोण पोरगी नेईन?" साडू बाजाराला गेला होता. मी धोतर खोचलं आणि आम्ही दोघांनी सारं घर सारवून काढलं. साडू परत आला, ओल्या भिंतीला बोट लावून पाहिलं आणि पाय धुवायला गेला.

सोयरीक जमली. पण महिन्याभरात पोरगी हुडहुडी भरून पडली. तीन गोधड्या घातल्या तरी खाट हलायची. एक दिवस तर ती आईलाही ओळखेना.

मलेरियावाला तिच्या बोटातलं रक्त काचेवर घ्यायला आला. भिंत पाहून म्हणाला, "तुमच्या घरी हे कोणी सारवलं?"

मी घसा खाकरला.

"मीनंच," साडू म्हणाला. "लेकीच्या सोयरिकीत भुललो." आणि माझ्याकडे न पाहता त्याने पोरीच्या अंगावरची गोधडी नीट केली.

कडू गोळ्यांनी पोरगी उठली. लग्न झालं, आता तिलाच नातवंडं आहेत. ताप भिंतीनं आला की वावरातून, ते मला अजून ठाऊक नाही. मी कोणापुढे वाकलो नाही, त्याच्यापुढेही नाही, म्हणून दोन शब्द बोलायचे होते ते राहूनच गेले. साडू गेला त्यालाही वर्षं झाली. त्याच्या घरी गेलो की सून म्हणते, "टेकून बसा ना, बाबा." मी आपला भिंतीपासून वीतभर सरकूनच बसतो.