नाताळची तिथी

कापसाला भाव चढला तेव्हापासून वडिलांना आपल्याला सर्वच कळते असे वाटू लागले होते. त्या वर्षी आईने लग्नानंतर प्रथमच काही मागितले. एलिचपूरच्या छावणीत गोरे लोक नाताळचा बाजार भरवीत. तो तिला पाहायचा होता. वडिलांनी पंचांग काढून गतवर्षीच्या बाजाराची तिथी शोधली आणि त्याच तिथीला निघायचे ठरवले. अधिक मासामुळे ती तीन आठवडे पुढे गेली होती.

गाडीवान म्हणाला, "मालक, बडा दिन तारखेनं येते, तिथीनं नाई."

"सण तिथीबिगर येते काय? तू मले सण शिकवून राहिला?"

मी अमरावतीच्या कचेरीत कारकून होतो. तारीख मला ठाऊक होती. मी बोललो नाही.

निघायच्या सकाळी बाजार केव्हाच उठल्याचे कळले. "तरी जाऊन येऊ," वडील म्हणाले.

"रिकामं मैदान पाहाले? तुमीच जा." आईने बांधलेली शिदोरी सोडली आणि मला विचारले, "तुले तारीख समजते. तू काहून नाई बोलला?"

वडिलांपुढे बोलायची आपल्यात रीत नाही, असे मी सांगितले. त्या रीतीची मला आजही चीड येते.