कुज्यातलं पाणी

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी मद्रासेत कालव्याकाठच्या चेरीत, म्हणजे अस्पृश्य ठरवून दूर ठेवलेल्यांच्या वस्तीत, घरोघर फॉर्म भरत फिरायची. आमच्या तंजावरी मराठी घरातून निघताना आई पाण्याने भरलेला, फिरकीच्या झाकणाचा पितळी कुजा हातात द्यायची. "तेथें कुणाचें पाणी पिऊं नकोस," हे रोजचंच. मीही मुकाट न्यायची. विषमतेचा अभ्यास करायला निघालेली मी, पाणी मात्र घरचं!

फॉर्मात एक रकाना होता: पाण्याची सोय, आहे की नाही. वस्तीच्या तोंडाशीच नळ होता आणि मी दुपारी जायची तेव्हा तो मोकळा दिसायचा. सगळ्या घरांपुढे मी बिनदिक्कत "आहे" लिहिलं.

शेवटच्या घरी घसा कोरडा पडला म्हणून कुजा उघडला. ते घर इमारतींवर विटा वाहणाऱ्या एका बाईचं. ती तमिळमध्ये म्हणाली, "आमच्याकडे पाणी आहे असं लिहिलंत ना, अम्मा? मग हे कशाला वाहता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या पहाटे या," ती म्हणाली. गेले. पलीकडच्या रस्त्यावरच्या बायका घागरींवर घागरी भरून नेत होत्या. चेरीतल्या बाजूला उभ्या. त्यांनी नळाला हात लावायचा नाही; कुणी मेहेरबान होऊन वरून ओतेल तेवढंच त्यांचं. उन्हं चांगली वर आली, नळाचं पाणी गेलं, तरी तिची घागर अर्धीच. त्या दिवशी तिचा कामावर खाडा झाला. मी तिच्याच ओट्यावर बसून एकूण एक "आहे" खोडलं आणि "नाही" लिहिलं.

मार्गदर्शक प्राध्यापक भडकले. "नळ नकाशात आहे. हे दुरुस्त करा, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही." वर्गात हेच गृहस्थ समतेवर तास तास बोलायचे.

मी कुजा त्यांच्या टेबलावर ठेवला. "सर, त्याच नळाचं पाणी आहे, चेरीतल्या एका बाईने आपल्या घागरीतून दिलेलं. सोय आहे म्हणता ना? घ्या घोटभर."

त्यांनी आधी कागद बाजूला सरकवले, मग खुर्ची.

"मग 'नाही'च राहील," मी म्हटलं आणि उभ्या उभ्या निम्मं पाणी प्यायले. प्रबंध दोन वर्षं अडला. अडू दे म्हटलं.

सरांकडून परतले त्या संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. आई दारातच आडवी आली. "कुजा मोरींत ठेव. चिंचेनें घासल्यावांचून आंत आणूं नकोस."

मी तिच्या बाजूने आत गेले आणि उरलेलं पाणी घरच्या हंड्यात ओतलं.