मोतीरामच्या पोराचं हॉटेल

खट्‌-खटाक्‌, खट्‌-खटाक्‌! सतराव्या वर्षी सुरतेतल्या उधन्याच्या लूमच्या कारखान्यात पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा हा आवाज कानात शिरला. मला वाटलं, छप्पर खाली येतंय. मी दोन्ही हात डोक्यावर धरले आणि सगळे कारीगर हसले. पुढे त्याच आवाजात चाळीस वर्षं गेली. माझं बोलणं कमी झालं ते तिथेच. पण बघणं चालू राहिलं. साच्याखाली, म्हणजे लूमखाली, तुटक्या धाग्यांचा गुंता जमतो, तो काही कोणी मुद्दाम जमवत नाही. किस्से तसेच जमले. आता संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसलो की कोणीतरी म्हणतंच, "नाना, ते दीवचं सांगा ना!"

तर दीवचं सांगतो.

आम्ही तिघं. सुकलाल आणि मी साचे चालवायचो. मोतीराम चेकर, म्हणजे विणून आलेलं कापड तपासायचा. तिघंही खानदेशातले, तिघंही आता घरी बसलेले. मोतीरामचा मुलगा गोपाल दीवच्या बेटावर एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे. समुद्राला लागून हॉटेल, खोल्या आवरण्याचं काम. तिकडे लागला तेव्हा मोतीराम त्याला म्हणाला होता, "लोकांच्या गाद्या झटकायला तुला बारावी शिकवली का?"

या गोष्टीला आठ वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं आईमार्फत. गोपाल फोनवर विचारायचा, "आबा जेवले का?" आणि मोतीराम शेजारीच बसून बायकोला म्हणायचा, "सांग, जेवले."

यंदा हॉटेलने गोपालला बक्षीस दिलं. घरच्या तीन माणसांनी येऊन तीन दिवस राहायचं, खायचं, सगळं फुकट. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती येणार कशी? मोतीराम म्हणाला, "मी एकटा जात नाही. सुकलाल आणि नाना येत असतील तर बघू." आम्ही नाही म्हणू, असा त्याचा हिशोब होता.

सुकलाल म्हणाला, "बस किती वाजता शे?"

निघायच्या आधी गोपालचा मला फोन आला. "काका, आबांनी एकदा बघावं, एवढंच. मी काय करतो ते डोळ्यांनी बघावं. मग काय बोलायचं ते बोलू दे."

*

आमच्याकडे गुजरातेत दारूबंदी. दीवला दारू उघड मिळते. त्यामुळे सुरतेत कोणी 'दीवला चाललो' म्हटलं की समोरचा आधी हसतो.

सुकलाल दाढी करायला गेला. न्हाव्याने विचारलं, "काका, कुठे निघाली स्वारी?"

"दीवला. तिघं चाललोय."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. "आ उंमरे?"

सुकलाल म्हणाला, "अरे, डॉक्टरने समुद्राची हवा घ्यायला सांगितली!"

न्हावी हळूच त्याच्या कानाशी वाकला. "काका, हवा के दवा?"

मोतीराम गळ्यात माळ घालणारा माणूस. संध्याकाळपर्यंत गल्लीत त्याला चौघांनी विचारलं, येताना काय आणणार? त्याने बायकोला सांगितलं, "मी जात नाही." ती म्हणाली, "पोरगा बोलावतो आणि तुम्ही जात नाही? मग उद्यापासून फोनवर तुमचं जेवण मी सांगणार नाही."

मोतीरामने पिशवी भरली.

*

हॉटेल बघून आम्ही फाटकापाशीच चपला काढल्या होत्या. वॉचमनने परत घालायला लावल्या.

आत संगमरवर, थंड हवा आणि समोर सगळा समुद्र. एवढं ऊन असून घाम नाही. एका बाईने आमच्या हातात शहाळी दिली आणि मनगटाला कागदी पट्टा बांधायला घेतला. सुकलालने हात मागे ओढला.

"नको! मागे असाच पट्टा बांधला आणि सिव्हिलवाल्यांनी मला आठ दिवस सोडलं नाही!"

तेवढ्यात गोपाल आला. काळा कोट, छातीवर नावाची पट्टी. तिथला नियम असा की पाहुणा कोणीही असो, आधी ठरलेलं स्वागत करायचं. गोपालने बापासमोर छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि म्हणाला, "वेलकम, सर."

मोतीरामने मागे वळून पाहिलं, कोण सर आलेत म्हणून.

मागे कोणी नव्हतं.

*

आता हा किस्सा जेवणाचा.

साच्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून लूमवर आम्ही सगळे हातांनी बोलतो. मूठ ओठाला लावली की चहा. दोन बोटं हवेत फिरवली की धागा तुटला. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. चाळीस वर्षांची सवय, लांबच्या माणसाशी तोंडाने बोलायचं सुचतच नाही.

हॉटेलचा जेवणाचा हॉल आमच्या कारखान्याएवढा. सुकलाल त्या टोकाला भाज्यांपाशी, आम्ही या टोकाला. त्याने हातांनी विचारलं, वरण आणू का? मी हातांनी सांगितलं, आण, भात कमी. मोतीरामने सांगितलं, मला ताक.

एक मिशीवाला वेटर हे बघत होता. तो आमच्याजवळ आला, गोड हसला, आणि हातांनीच विचारलं, पाणी साधं की थंड? मी हातांनी सांगितलं, साधं.

तो गेल्यावर सुकलाल हळहळला. "एवढा देखणा माणूस, आणि बोलता येत नाही बिचाऱ्याला."

दुपारचं जेवण झालं, दुसऱ्या दिवशीचा नाश्ता झाला. वेटर मनापासून खुणा करायचा, आम्ही मनापासून खुणांनी उत्तर द्यायचो. सुकलाल तर दर वेळी त्याच्या पाठीवर हात फिरवायचा. मध्येच हॉटेलचे मॅनेजर हॉलमध्ये आले. सुकलालने पोटावरून हात फिरवला आणि आम्ही तिघंही ताटावरून उठून उभे राहिलो!

दुसऱ्या दिवशी दुपारी सुकलालने जांभूळ समजून एक काळं फळ तोंडात टाकलं. ते निघालं खारट, कडू.

"आय आय गं! हाई काय शे रे?"

वेटरच्या हातातला ट्रे वाकडा झाला. "अरे, आप बोलते हैं?"

सुकलाल उडालाच. "अरे, तू बोलतो?"

*

पोहण्याच्या तलावाचा किस्सा छोटा आहे.

सुकलाल तापी काठचा, पोहण्यात पटाईत. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर तो तलावाशी जाऊन उभा राहिला. तिथल्या गार्डने शिट्टी वाजवली. "सर, कॉटन नहीं चलेगा. नायलॉन चाहिए."

"काय चाहिए?"

"नायलॉन."

सुकलालने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "भाऊ, चाळीस वर्षं नायलॉन विणलं. माझ्या साच्यावर निघालेलं नायलॉन पसरलं तर तुझा हा समुद्र झाकेल. आणि आज तू मला नायलॉन मागतो?"

गार्डला मराठी कळली नाही. त्याने पुन्हा शिट्टी वाजवली.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी गोपाल धावत आला. चेहरा उतरलेला.

"काका, तुम्ही रात्री खोलीत झोपता ना?"

"मग कुठे झोपणार?"

झालं होतं असं. आम्ही पहाटे उठायचो. मोतीराम चादरी काढून, दोन टोकं मला धरायला देऊन, कारखान्यात कापडाची घालतात तशी घडी घालायचा. सुकलाल बाथरूम धुऊन पुसून काढायचा. मग आवरायला बाई यायची, तिला खोली कोरी दिसायची. दोन दिवस तिने वहीत लिहिलं की या खोलीत कोणी राहत नाही. साहेबांनी गोपालला विचारलं, तुझे पाहुणे आहेत कुठे? आवडलं नाही म्हणून गेले का?

"मी आता तीन मजल्यांचा सुपरवायझर आहे काका. माझ्याच घरच्यांची खोली अशी दिसली तर मी बाकीच्यांना काय सांगू? उद्या निघेपर्यंत तरी बिछाना पसरलेला ठेवा. पाया पडतो!"

सुकलाल म्हणाला, "पसरवतो. उड्या मारू का वर?"

गोपाल हसला. पण मोतीराम खिडकीकडे बघत म्हणाला, "स्वतःचा बिछाना दुसऱ्याने कशाला आवरायचा? ज्याला हातपाय नाहीत त्याचं ठीक आहे."

तीन दिवसांत पोराच्या समोर बोललेलं हे त्याचं सगळ्यात मोठं वाक्य.

गोपाल म्हणाला, "ठीक आहे, आबा." आणि दार हळू ओढून गेला. सुकलालला सहसा राग येत नाही. त्या दिवशी तो मोतीरामला म्हणाला, "तुझ्या जिभेला एकदा तपासायला पाहिजे कोणीतरी!"

*

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही बिछाना तसाच ठेवला. चादर अर्धी खाली, उशा कुठेही. मोतीरामला ते बघवत नव्हतं, म्हणून सुकलाल त्याला समुद्रावर घेऊन गेला. माझं पोट जरा बिघडलं होतं. मी बाथरूममध्ये.

बाहेर आलो तर खोलीत गोपाल एकटा. कोट काढून खुर्चीवर टाकलेला, बाह्या वर केलेल्या. बाईला त्याने दुसरीकडे पाठवलं होतं.

"सुपरवायझर झाल्यावर हात लावायचा नसतो," तो म्हणाला. "पण ही खोली मीच करतो, काका."

मी दाराशीच थांबलो. त्याने पांढरी चादर हातात घेतली, दोन टोकं धरली आणि एकच झटका दिला. चादर वर फुगली आणि खाली बसली. मधली घडी बरोबर गादीच्या मध्यावर. पुन्हा ओढावी लागली नाही. मग एकेक कोपरा उचलायचा, दुमडायचा, आत सारायचा. घाई नाही, थांबणं नाही. चांगला कारीगर तुटलेला धागा बांधतो, तसे त्याचे हात चालत होते.

शेवटचा कोपरा आत गेला तेव्हा गोपालने वर बघितलं. दारात मोतीराम उभा होता. पायाला वाळू. चष्मा राहिला म्हणून परत आला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे.

गोपाल ताठ झाला. पलंगाच्या बाजूला सरकला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

आमच्या कारखान्यात मोतीरामच्या टेबलावर कापड गेलं की आम्ही कारीगर असेच उभे राहायचो. डाग, जाळी, तुटका धागा, काहीही दिसलं की तो नाव घेऊन हाक मारायचा, सगळ्यांच्या देखत. नाही दिसलं तर काही न बोलता कापड सरकवायचा आणि पुढचं ओढायचा, म्हणजे कापड पास.

मोतीराम चपला बाहेर काढून आत आला. टेबलावरचा चष्मा घेतला, सदऱ्याने पुसला, डोळ्यांवर चढवला. मग गुडघ्यावर हात टेकून इतका वाकला की डोळे गादीच्या पातळीला आले. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उजेडाच्या विरुद्ध त्याने चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. उशीपासून पायथ्यापर्यंत तळहात फिरवला. एक कोपरा उपसला, आतली घडी पाहिली, होती तशी परत सारली. मग पलीकडे जाऊन दुसरा कोपरा. तिसरा. चौथा.

गोपालच्या कपाळावर घाम आला होता. त्या एसीत!

"आबा," तो म्हणाला, "आहे का काही?"

मोतीरामने चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. पोराकडे एकदा पाहिलं. आणि काही न बोलता, दारातल्या चपला पायात सरकवून निघून गेला.