आईने चाखलेला घास

निवृत्तीनंतर बहुतेक केसेस डोक्यातून गेल्या. मयूर विहारची ती पंधरा वर्षांची मुलगी मात्र गेली नाही. पूर्व दिल्लीतल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. नावं सांगणार नाही, कारण मुलीचं आयुष्य अजून पुढे आहे.

रविवारी सकाळी कंट्रोल रूमचा कॉल आला. सोसायटीतल्या एका फ्लॅटमध्ये मुलीने वडिलांच्या डोक्यात पितळी बत्ता घातला होता. आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फोन केला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा वडील स्वयंपाकघरात बेशुद्ध होते, गॅसवर खिचडी करपत होती आणि मुलगी सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसली होती. आम्ही काही विचारायच्या आत म्हणाली, "मैंने मारा है." आई देवळात गेली होती. ती धावत आली आणि मुलीला पोटाशी धरून रडली.

वडिलांना रुग्णालयात पाठवलं, खिचडीसकट भांडी जप्त केली, रोजनामच्यात नोंद झाली. घर मराठी, दोन पिढ्या दिल्लीत. माझं आडनाव ऐकून आईला धीर आला.

"तुम्ही आपले आहात, म्हणून सांगते," ती म्हणाली. "हा माणूस बाहेर एकदम सज्जन, घरात राक्षस. पोरीने किती सहन करायचं?"

"सर, केस तो क्लियर है," माझा हवालदार म्हणाला. मुलीची कबुली, आईचा जबाब, हत्यार ताब्यात. मला असल्या आयत्या केसेस आवडत नाहीत. शेजाऱ्यांपैकी कोणीही त्या फ्लॅटमधून कधी भांडणाचा आवाज ऐकला नव्हता, आणि दिल्लीच्या सोसायट्यांत शेजारच्या घरातलं सगळं ऐकू येतं.

अल्पवयीन मुलीला कोठडीत ठेवता येत नाही, तिच्यासमोर वर्दीत जाता येत नाही. मी साधा शर्ट घातला, महिला उपनिरीक्षकांना बोलावलं, नियमाप्रमाणे आईलाही शेजारी बसू दिलं. दुपारी राजमा-चावल मागवला. मुलगी नुसती ताटाकडे बघत राहिली. आईने सवयीने त्यातला एक घास खाल्ला, मान हलवली, आणि मग मुलगी वखवखल्यासारखी जेवू लागली.

एवढी मोठी मुलगी आईने चाखल्याशिवाय खात नाही? मी सहज विचारलं. आई पटकन म्हणाली, "लहानपणापासूनची आदत आहे हो." मुलीने मान खाली घातली. मला ते उत्तर पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. "सर, पता नहीं काम की बात है या नहीं," त्या म्हणाल्या. ज्या दिवशी वडील डबा भरून देत, त्या दिवशी मुलगी तो न खाताच कचऱ्यात रिकामा करायची. पप्पा त्यात औषध घालतात, असं तिने मैत्रिणीला सांगितलं होतं.

बाल न्याय मंडळाने मुलीला निरीक्षणगृहात पाठवलं होतं. तिथे आई नव्हती. समुपदेशक बाईंच्या समोर मी मराठीत बोलू लागलो, तशी मुलगी हळूहळू मोकळी झाली.

"पप्पांनी वाढलेलं खाल्लं की मला उलटी व्हायची," ती म्हणाली. "मम्मी म्हणायची, ते आधी तुला संपवतील, मग मला. त्या दिवशी मंदिरात जाताना तिने मला घट्ट धरलं. म्हणाली, आज ते तुझ्यासाठी खिचडी करतायत. मी परत येईन तेव्हा तू असशील ना?"

प्रयोगशाळेला खिचडीत काहीही सापडलं नाही. आईच्या कपाटात मात्र उलटी करवणारं औषध सापडलं. सुरुवातीला वडिलांनी ताट वाढलं की त्यात तीच ते गुपचूप मिसळायची; पुढे नुसती भीतीच पुरेशी होती. वर्षभरापूर्वी नवरा-बायकोने वेगळं व्हायचं ठरवलं, तेव्हा मुलगी म्हणाली होती, मी पप्पांबरोबर राहीन. तिथून हे सुरू झालं होतं.

"मी तिला मार असं कधीच म्हटलं नाही," आई म्हणाली. ते खरं होतं. मला तेव्हा आला तेवढा राग सराईत गुन्हेगारांचाही कधी आला नव्हता. गुन्ह्याला चिथावणी दिल्याबद्दल तिला अटक केली.

प्रयोगशाळेच्या अहवालाचं मुलीला सांगायला मीच गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे अंकल, माझं पोट बिघडलं होतं म्हणून पप्पा खरंच नुसती खिचडी करत होते?"

मी हो म्हणालो. एवढ्या नोकरीत एक शब्द बोलणं इतकं जड कधी गेलं नव्हतं.

या केसनंतर माझी चौकशी करायची पद्धत बदलली. मुलाच्या हातून असं काही घडलं की आपण विचारतो, का मारलंस? मी विचारू लागलो, कोणाला वाचवत होतास? मुलं त्या प्रश्नाला खरं उत्तर देतात.

वडील वाचले, एक हात अधू झाला. काठी टेकत ते मंडळासमोर आले आणि म्हणाले, "मला माझी मुलगी घरी हवी."

मुलगी म्हणाली, "अजून नको. मला भीती वाटते."

"आता कोणाची, बेटा?" मंडळाच्या न्यायाधीश मॅडमनी विचारलं.

"माझी."

वडिलांबद्दलची तिची भीती आम्ही अहवाल दाखवून घालवली होती. ही भीती घालवायला पोलिसांकडे काही नसतं. आई शिक्षा भोगून एक दिवस बाहेर येईल. मुलीचं काय, ते मला आजही सांगता येत नाही.