गजभिये बाबूंची आवक-जावक

मी पासवर्ड टाईप करायला बोटं पुढे केली की गजभिये बाबू खुर्चीतून उठायचे, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि विचारायचे, "झालं का, बाई?" त्यांनी तो बघितला असता तरी काही बिघडणार नव्हतं, कारण ते यंत्र वापरणारे आम्ही दोघंच होतो. पण त्यांनी भिंत सोडली नाही. तिच्यावर एक सरकारी कॅलेंडर होतं. वर्षभराच्या सगळ्या सुट्ट्या त्यांना तिथेच पाठ झाल्या असणार.

ऐंशीच्या दशकाचा तो शेवट. नागपुरातल्या आमच्या सरकारी कार्यालयाच्या गच्चीवर एक भलीमोठी तबकडी बसली आणि खाली एका खोलीत संगणक आला. तबकडी उपग्रहाशी बोलायची आणि उपग्रह दिल्लीशी. संगणकात एकच प्रोग्रॅम होता. तो सुरू केला की हिरव्या अक्षरांत यादी यायची: एक दाबा, दिल्लीत साठवलेली माहिती बघा, दोन दाबा, आलेली पत्रं वाचा, तीन दाबा, पत्र पाठवा. आज यात कुणाला काही वाटायचं नाही. तेव्हा मात्र आमचे साहेब पाहुण्यांना चपला बाहेर काढायला लावून ती खोली दाखवायचे.

ते यंत्र चालवायला आणि लोकांना शिकवायला मला हंगामी नेमलं होतं. मुदत सहा महिने. यंत्र वापरात आलं तर नोकरी पक्की होण्याची आशा, नाहीतर यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात आणि मी घरी, कामठीला. घरी बाबांचे माग बंद पडलेले, ताईचं लग्न ठरलेलं आणि पगार माझा एकटीचा. कुणीतरी शिकायला यावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. लोक येत नव्हते असं नाही. अख्ख्या इमारतीत एसी त्या एकाच खोलीत होता आणि एप्रिल लागला होता. बड्या बाबूंपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे यायचे, डोळे मिटून बसायचे, "वा, काय मशीन आहे!" म्हणायचे आणि घाम वाळला की जायचे. यंत्राला बोट लावायला कुणी तयार नव्हतं.

गजभिये बाबू आले ते भांडायला. ते आमचे आवक-जावक लिपिक. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून आत यायचा आणि त्यांच्याच टेबलावरून बाहेर जायचा. निवृत्तीला वर्षभर उरलेलं. अंगात पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, बोटांना कायम डिंक. काखेत रजिस्टर घेऊन ते दारात उभे राहिले.

"बाई, मी ऐकून राहिलो का या खोलीत दिल्लीहून पत्रं येतात म्हणून. खरं आहे?"

"हो, येतात की."

"माह्या टेबलावरून न जाता?"

मी होकाराची मान हलवली.

"मग त्याले आवक क्रमांक कोण देऊन राहिलं?"

कुणीच देत नव्हतं. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मलाच काहीतरी गैरव्यवहार करताना पकडल्यासारखं वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली, रजिस्टर मांडीवर उघडलं आणि म्हणाले, "दाखवा." माझा पहिला विद्यार्थी तो हा असा.

मी त्यांना एक-दोन-तीनची यादी समजावून दिली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे आवक बी यातच, जावक बी यातच, अन् रेकॉर्ड रूम बी यातच? तिघायचं काम एकटंच करून राहिलं हे. याले सुट्टी केव्हा देता?" त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत ते डबा बाजूला ठेवून येऊ लागले. उजव्या हाताच्या एका बोटाने टाईप करायचे आणि प्रत्येक अक्षर सापडलं की "हां, इथं आहे हा" म्हणायचे, हरवलेलं पोर सापडल्यासारखं. पहिलं पत्र टाईप झालं तेव्हा ते हातात टाचणी घेऊन इकडेतिकडे बघू लागले. "सहपत्र कुठं टाचायचं?" मला हसू आवरेना. त्यांनी मुळीच राग मानला नाही. "हसा," म्हणाले. "पण टाचायचं कुठं ते सांगा."

ते पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं आणि तासाभरात दिल्लीच्या ऑपरेटरचं उत्तर आलं: मिळालं, गुड मॉर्निंग. झालं! आलेल्या पत्राला उत्तर न देणं बाबूंच्या स्वभावात बसत नव्हतं. दुपारभर खपून त्यांनी इंग्रजीत मसुदा केला. मराठीत सांगायचं तर तो असा होता: "आपल्या आजच्याच दिनांकाच्या गुड मॉर्निंगच्या संदर्भात कळविण्यात येते की, येथील सकाळही समाधानकारक होती." त्याला रीतसर जावक क्रमांक दिला आणि पाठवला. दिल्लीचा तो ऑपरेटर पुढे रोज सकाळी न चुकता गजभिये बाबूंची चौकशी करायचा.

गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट मान्य करायलाच हवी. पडद्यावर आलेल्या पत्राला आमच्या कार्यालयात कुणी पत्र मानत नव्हतं. बाबूंनी त्याची प्रत छापून, शिक्का मारून, आवक क्रमांक टाकून ती संबंधितांच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ते खरं झालं. महिन्याभरात बडे बाबूसुद्धा विचारू लागले, "दिल्लीचं काही आलं का?" मी सहा महिने कपाळ फोडून घेतलं असतं तरी हे जमलं नसतं.

एका बाबतीत मात्र बाबू माझं काही ऐकत नसत. एखाद्याच्या नावाने आलेलं पत्र ते उघडत नसत. यादीत वरची ओळ दिसे, कुणाकडून, कुणाला, एवढंच वाचायचं. मग त्या माणसाला बोलावून खुर्चीत बसवायचं आणि आपण बाहेर व्हरांड्यात जायचं. मी एकदा चिडून म्हणाले, "बाबू, सरकारी पत्रं ही. त्यात काय गुपित असणार?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "नवा होतो मी, तेव्हाची गोष्ट आहे. एका कारकुनाच्या नावाचा लिफाफा चुकीनं फोडला. त्याची माय वारली होती गावाले. तो जागेवर बसून हसत होता, चहा पिऊन राहिला होता, अन् मले माहीत. त्याचं दुःख त्याच्याआधी मले माहीत झालं, बाई. ते काही बरोबर नाही झालं." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मे महिन्यात ताईचं लग्न आलं. मी तीन दिवस रजा टाकली. जाताना पासवर्ड सांगू लागले तर बाबूंनी कानांवर हात ठेवले. "तोंडी नको. लिफाफ्यात द्या." मी बंद लिफाफा दिला. त्यांनी त्यावर तारीख टाकली, माझ्यासमोर कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली. सोबत मी त्यांना लग्नाची पत्रिकाही दिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात हळद सुरू होती. ताईला लावता लावता आम्ही सगळ्या बायका पिवळ्या झालो होतो. चारचं ऊन नुसतं पेटलेलं. तेवढ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, घामाने भिजलेला माणूस मांडवात आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कुमारी सुनंदा पराते हजर आहेत का?"

ते गजभिये बाबू होते. हातात टपालवही आणि एक लिफाफा. बाबांनी पाणी पुढे केलं, पाट मांडला. ते बसेनात. "आधी सही." मी पिवळ्या हातांनी सही केली, वहीच्या पानावर माझा हळदीचा पंजाच उमटला. मग त्यांनी लिफाफा दिला. डिंकाने चिकटवलेला, वर शिक्का आणि आवक क्रमांक.

"दुपारी मशीनवर आलं, तुमच्या नावाचं. छापताना वरून फाईल झाकून ठेवली होती. कोणी वाचलं नाही. मी बी नाही."

"अहो बाबू, एवढ्या उन्हात? मी परवा आलेच असते."

"आलेलं पत्र त्याच दिवशी पोचलं पाहिजे," ते म्हणाले. "आता ड्युटी संपली. आता पाणी द्या." आणि बाबांबरोबर जेवायला गेले.

हळद आटोपून, हात धुऊन मी लिफाफा फोडला. उद्या सकाळी अकराला नागपूरच्या विश्रामगृहात मुलाखत. हजर न राहणाऱ्यांची हंगामी नेमणूक मुदतीअखेर संपेल. कागदी पत्र मुद्दाम पाठवलेलं नव्हतं. ज्यांनी यंत्र उघडलं असेल त्यांनाच कळावं, अशी दिल्लीची योजना होती. डोळे पुसून मी मागे धावले तोवर बाबू जेवून साडेपाचच्या बसला निघून गेले होते. पत्रात काय होतं, हे विचारायला ते थांबलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पिवळ्या तोंडाने मुलाखतीला गेले. लग्न गोरज मुहूर्तावर होतं म्हणून बरं. बोलावलेल्या सात जणांपैकी आलो होतो दोघं. समोर बसलेल्या तीन साहेबांपैकी एकाने विचारलं, "आमचा संदेश तुम्हाला कधी मिळाला?"

"काल चार वाजता, सर. कामठीला."

"कामठीला आपली लाईन आहे?"

"नाही, सर. गजभिये बाबू आहेत."

मग सगळं सांगावं लागलं. तिघेही साहेब हसले, आणि त्यातल्या एकाने गजभिये हे नाव लिहून घेतलं.

पक्क्या नोकरीचा आदेश तीन आठवड्यांनी साध्या टपालाने आला, तोही बाबूंच्याच टेबलावरून, बंदच. पुढे त्या नोकरीत मी तीस वर्षं काढली. बाबू वर्षभरातच निवृत्त झाले आणि आता त्यांना जाऊनही बराच काळ झाला. आदेश आला त्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले आणि पहिल्यांदा त्यांना सांगितलं की कामठीला त्यांनी आणलेल्या लिफाफ्यात काय होतं आणि तो परवा मिळाला असता तर काय झालं असतं.

बाबू ऐकता ऐकता खाली बसले. हातातला पेढा हातातच राहिला. शिपायाकडून पाणी मागवून ते एका दमात प्यायले.

"बरं झालं वं पोरी, मले माहीत नव्हतं," ते म्हणाले. मला पोरी म्हणण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. "छापायचं बटन अन् पुसायचं बटन, दोन्ही बाजूबाजूलेच आहेत. माहीत असतं तर हात थरथरला असता माहा, अन् भलतंच दाबल्या गेलं असतं."