फाट्याच्या तोंडाशी

देवीचं सोंग माझ्या तोंडावर होतं आणि तिच्याच दारात माझं काळीज बंद पडायला निघालं. उपास धरला, अनवाणी राहिलो, सगळं पाळलं, आणि तिने मलाच धरावं? हा प्रश्न पुढे कितीतरी दिवस मला झोपू देत नव्हता. देवीवर माणूस रागावू शकतो हे मला तेव्हा कळलं. मी चांगलाच रागावलो होतो.

आमच्या मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवदेवतांचे मुखवटे चढवून संबळावर नाचायचं, आणि कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे घराण्यागणिक ठरलेलं. देवीचं सोंग आमच्या घराचं. एरवी मी जव्हार डेपोचा कंडक्टर. वर्षभर ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणून घसा फोडणारा माणूस बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी देवी होऊन निघतो, आणि लोक न सांगता बाजूला होतात. याची मला दरवर्षी गंमत वाटायची. थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी संबळ चढला आणि माझ्या छातीत कुणीतरी जातं ठेवावं तसा भार आला. डावा हात जड झाला, अंगाला घाम सुटला आणि पाय लटपटायला लागले. लोकांनी काय समजावं? देवीचं वारं आलं. आरती पुढे आली, धूप आला. एका बाईने आजारी लेकरू माझ्या पायांशी ठेवलं. मुखवट्याच्या आत माझा जीव घुसमटत होता आणि मलाही वाटत होतं की हे वारंच आहे, आई खरंच आली. दुखत होतं तरी मला धन्य वाटत होतं. मी खाली बसलो तेव्हा गर्दीने जयजयकार केला.

माझ्या बायकोने तेवढ्यात माझा हात धरला. तिने आजवर माझं कितीतरी वेळा वारं पाहिलेलं. ती म्हणाली, ‘‘हे वारं नाय. वाऱ्यात अंग तापतं. यांचा हात गार पडलाय.’’ जाणती माणसं तिच्यावर ओरडली, सोंग मधेच उतरवू नये म्हणाली. तिने कुणाला जुमानलं नाही, स्वतःच्या हाताने मुखवटा उतरवला आणि जीप आणवली. मोखाड्याच्या दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढली, इंजेक्शन दिलं आणि आम्हाला नाशिकला धाडलं.

तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला नीट समजावलं. काळजाची मोठी शीर जिथे दोन फांद्यांत फुटते, नेमकी तिथेच गाठ होती. सरळ शिरेत जाळीची नळी बसवणं सोपं, फाट्यावर अवघड. मी कंडक्टर म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘काका, फाट्यावर गाडी आडवी लागली तर दुसरा रस्ता बंद होतो ना? तसं आहे. नळी तांदळाच्या दाण्याएवढी जरी सरकली तरी दुसऱ्या फांदीचं तोंड बुजेल. तसं झालं तर काळजाचा मोठा भाग जाईल, कदाचित माणूसही.’’ बायकोने सही केली.

पण माझा नंबर दुसरा होता. पहिला नंबर शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा, सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा. माझ्यापेक्षा तरुण, दुखणं माझ्यासारखंच. त्याच्या उशाशी त्याची बायको एकटी होती. उशीर करू नका म्हणून डॉक्टरांनी तिला परोपरीने सांगितलं. पण थोरला दीर आल्याशिवाय ती अंगठा द्यायला तयार नव्हती. दीर डोंगर उतरून, गाडी धरून येत होता. आमच्याकडे घरातल्या मोठ्याला विचारल्यावाचून अंगाला सुरी लावू देत नाहीत, त्यामुळे तिला हट्टी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नर्स ताटकळलेली बघून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘‘तुमी जावा आदी, दादा. आमचं मानूस वाटंत हाय.’’ तिचा नवरा माझ्याकडे बघून हसला. मी गेलो.

नळी मनगटातून आत घालायची, म्हणून भूल फक्त तिथेच होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मी मनात म्हणत होतो, आई, मी रागावलोय, पण तुझ्याशिवाय बोलू कुणाशी? डॉक्टरांनी श्वास रोखायला सांगितला. नळी जागेवर आली होती, आता फुगवायची होती. आणि मला खोकला आला. धुपाचा धूर अजून घशात होता की काय कोण जाणे. दाबून दाबून शेवटी फुटलाच. कुणीतरी रागावलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

मग डॉक्टरांचा आवाज आला, ‘‘थांब, फुगवू नकोस. मशीन फिरव, दुसऱ्या बाजूने बघू.’’ मागाहून त्यांनीच सांगितलं की आधीच्या बाजूने पडद्यावर दोन्ही फांद्या एकीवर एक दिसत होत्या. खोकल्याने नळी हलली असेल म्हणून त्यांनी बाजू बदलून पाहिलं, तेव्हा फांद्या सुट्या दिसल्या. नळी खोकल्याच्या आधीपासूनच दुसऱ्या फांदीच्या तोंडावर आलेली होती. त्यांनी ती केसाकेसाने मागे घेतली आणि मगच बसवली. दोन्ही फांद्या वाहत्या राहिल्या. तो खोकला कुणाचा होता यावर मी वाद घालत नाही.

मला खाटेवर आणलं तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. मला वाटलं, त्याला आत नेलं असेल. माझी बायको माझ्याकडे बघेना. दीर पोचायच्या आधीच तो गेला होता, मी आत टेबलावर असताना.

घरी आल्यावर गावाने नारळ फोडले. देवीने आपल्या सोंगाला वाचवलं, असं जो तो म्हणू लागला. मला तो नारळ गिळवेना. मला वाचवलं असेल तर त्याला काय केलं? त्याच्या घरच्यांनीही कुठल्यातरी देवाला हाका मारल्याच असतील.

चालायला मुभा मिळाली तसा मी बायकोला घेऊन सूर्यमाळला गेलो. वैशाख होता, सगळ्या विहिरी तळाला गेल्या होत्या. पाडा विचारत विचारत त्या माणसाच्या बायकोच्या दारात पोचलो. काय बोलायचं ते वाटेभर जुळवलं होतं, पण तिथे इतकंच बोललो की तुम्ही मला तुमचा नंबर दिलात.

ती म्हणाली, ‘‘मी नाय दिला, दादा. मी दिराची वाट पाहत व्हते. असं व्हनार ठावं असतं, तर दिला असता का मी?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी खाली बघत बसलो आणि रडलो. ती उठली, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. घागरीत तळाशी पाणी उरलेलं मला दारातून दिसत होतं. मी नको म्हणालो.

‘‘प्या,’’ ती म्हणाली. ‘‘उन्हाचं आलाव.’’

आपलं नसलेलं, दुसऱ्याच्या वाट्याचं हाती येतं, आणि ते मान खाली घालून घ्यावं लागतं. देवीला शरण जाणं मला एवढंच कळलं आहे, याहून जास्त कुणी विचारू नये. मी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि पाणी सगळं प्यालो.